कब्रस्तानाने वाचवलेले जंगल

मागच्या वर्षी एका मयतीला गेलो होतो. माती देऊन झाल्यावर कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली आम्ही पाच-सहा जण थांबलो. समोरच्या गायरानाच्या एका तुकड्याला कुणीतरी नुकतेच तारेचे कुंपण घातले होते. खांबांच्या बुडातले काँक्रीट अजून ओले होते. एक वयस्कर चाचा म्हणाले, “सर, आमच्या आजोबांच्या शेळ्या इथंच चरल्या. त्याला कागद कशाला लागतो?” शेजारचा पोरगा म्हणाला, “चाचा, तलाठी कागदच मागतो. शेळीची साक्ष चालत नाही.” सगळे हसले आणि आपापल्या वाटेने गेले.

मला मात्र घरी येईपर्यंत लंडनजवळच्या एका जंगलाची गोष्ट आठवत राहिली. तिच्यातही हाच प्रश्न होता: पिढ्यानपिढ्याची वहिवाट मोठी की कागद? आणि त्या प्रश्नाचे उत्तर शेवटी एका कब्रस्तानाच्या जमिनीतून निघाले. ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जंगलाचे नाव एपिंग. लंडनच्या ईशान्येच्या वस्त्यांपासून ते एपिंग गावापर्यंत सुमारे १९ किलोमीटर पसरलेला हा अरुंद, लांबट पट्टा आहे. शेकडो वर्षे ते ‘राजाचे जंगल’ होते. याचा अर्थ जमीन राजाची होती असा नाही. जमीन निरनिराळ्या जमीनदारांची, हरणांची शिकार करण्याचा हक्क राजाचा, आणि गुरे चारण्याचा, सरपण नेण्याचा हक्क आसपासच्या गावकऱ्यांचा. एकाच जमिनीवर असे तीन थर. आपल्याकडे जुन्या काळी गावच्या एकाच रानावर पाटील, महार, धनगर, मुलाणी अशा सगळ्यांचा काही ना काही हक्क असायचा, तसेच समजा. राजाची हरणे फिरायची म्हणून जमीनदाराला उंच कुंपण घालता येत नसे. म्हणजे राजाच्या शिकारीच्या हौसेच्या आडोशाला गरिबाची गायही चरत होती. हेतू काहीही असो, फायदा झाला खरा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राजघराण्याची ती हौस संपली. लंडन वाढत होते, रेल्वे आली होती, जंगलाच्या जमिनीला घरांच्या जमिनीचा भाव येऊ लागला होता. शेजारचे हेनॉल्टचे जंगल १८५१ साली कायदा करून मोडले गेले. वाफेच्या यंत्रांनी जुनी झाडे मुळासकट उपटली आणि बघता बघता तिथे शेते झाली. एपिंगमध्ये असा सरळ कायदा झाला नाही, पण सरकारने राजाचे शिकारीचे हक्क एकेका जमीनदाराला विकायला सुरुवात केली, एकरी सुमारे पाच पौंडांनी. हरणाचा हक्क विकत घेतला की कुंपणाची अडचण उरत नव्हती. गावकऱ्यांच्या हक्काचे काय, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. १८७० पर्यंत सुमारे सहा हजार एकरांपैकी निम्मे जंगल कुंपणाआड गेले होते.

याच जंगलात लाउटन नावाचे एक गाव आहे. तिथल्या गावकऱ्यांचा एक वेगळाच हक्क होता, झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा. झाड बुंध्यापासून तोडायचे नाही. जनावराचे तोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवरून फक्त फांद्या छाटायच्या. काही वर्षांनी तिथूनच नव्या फांद्या फुटतात. खाली गुरे चरतात, वर सरपण वाढते आणि झाड शेकडो वर्षे जगते. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत, ही छाटणी चाले. पहिली एलिझाबेथ राणी हा हक्क देऊन गेली, असे गावात मानले जाई. गावाची आणखी एक समजूत होती आणि आपल्या गोष्टीत तीच महत्त्वाची आहे. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री गावातल्या कुणीतरी कुऱ्हाड घेऊन पहिली फांदी तोडलीच पाहिजे. एक वर्ष जरी चुकले तरी हक्क कायमचा गेला.

त्या समजुतीवरून एक किस्सा लाउटनमध्ये सांगतात. एका वर्षी जमीनदाराच्या बाजूने छाटणी करणाऱ्या सगळ्यांना ११ नोव्हेंबरला रात्रीच्या जेवणाचे आमंत्रण आले. दारू पाण्यासारखी. बारा वाजून जावेत आणि कुणाला उठताही येऊ नये, असा बेत. पण टॉमस विलिंगेल नावाचा मजूर बाराच्या आधी उठला, जंगलात गेला, एक फांदी तोडली आणि ती घेऊन परत मेजवानीत येऊन उभा राहिला. किस्सा जसाच्या तसा घडला की पुढे रंगवला गेला, कोण जाणे. पण विलिंगेल हा माणूस खरा, आणि पुढे त्याने जे केले ते न्यायालयाच्या कागदांत आहे.

लाउटनचा जमीनदार जॉन मेटलंड हा त्याच गावच्या चर्चचा मुख्य पाद्रीही होता. रविवारी प्रवचन करणारा आणि सोमवारी खंड वसूल करणारा माणूस एकच. त्याने १८६५ च्या सुमारास लाउटनचे तेराशे एकरांच्या आसपासचे जंगल कुंपणात घेतले. गावातल्या बऱ्याच जणांना थोडीथोडी जमीन देऊन गप्प केले. विलिंगेल गप्प बसला नाही. थंडी सुरू होताच तो आणि त्याच्या घरचे कुऱ्हाडी घेऊन नेहमीप्रमाणे आत शिरले. १८६६ मध्ये त्याचा मुलगा सॅम्युएल आणि दोन पुतणे-भाचे यांना शिक्षा झाली. आरोप काय, तर झाडांचे नुकसान. दंड भरायचे नाकारून तिघे तुरुंगात गेले. शिक्षा देणारे खालचे न्यायपंच साधारणपणे जमीनदार वर्गातलेच असत, हे इथे सांगून ठेवतो.

या तुरुंगवासाची बातमी लंडनला पोहोचली. तिथे १८६५ मध्येच गायराने-माळराने वाचवण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले होते. जॉर्ज शॉ-लेफेव्हर या खासदाराने पुढाकार घेतलेल्या या मंडळात जॉन स्टुअर्ट मिलसारखा विचारवंत होता, बक्स्टन घराण्यासारखे पैसेवाले होते, आणि रॉबर्ट हंटर नावाचा एक तरुण कायदेपंडित लवकरच त्यांना येऊन मिळाला. त्यांनी विलिंगेलच्या नावाने मेटलंडविरुद्ध दावा लावला. खर्चासाठी वर्गणी गोळा केली.

आता अडचण पाहा. विलिंगेलचा हक्क ‘गावात राहणारा’ म्हणून होता. त्यामुळे दावा चालू राहण्यासाठी त्याला गावातच राहणे भाग होते. आणि गावातली घरे, गावातले काम, सगळे कुणाच्या हातात? त्याला राहायला जागा मिळेना, मजुरी मिळेना. दावा सोडून देण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली गेली आणि म्हाताऱ्याने ती नाकारली, असेही सांगतात. खटला रेंगाळत राहिला. १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि त्याच्याबरोबर त्याचा दावाही संपला.

इथे ही गोष्ट थांबली असती तर ती हजारो गावांच्या गोष्टींसारखीच झाली असती. चळवळींच्या इतिहासात आपण नेहमी शूर माणसापाशी थांबतो. मलाही मुलांना शिकवताना तोच मोह होतो. पण विलिंगेल हरला होता. त्याने एक मोठे काम मात्र केले होते: पाच वर्षे काढली होती. दावा न्यायालयात पडून असल्यामुळे लाउटनच्या जंगलात मोठी तोड करायला किंवा घरे बांधायला जमीनदार धजावला नाही. त्या पाच वर्षांत हंटर जुनी दप्तरे चाळत बसला होता.

हंटरला कळले होते की ‘गावकरी’ या शब्दावर खटला जिंकता येणार नाही. गावकरी बदलतात, कोण आत कोण बाहेर हे ठरत नाही. अशा अनिश्चित जमावाला जमिनीतून काही काढून नेण्याचा हक्क असू शकतो हे मान्य करायला इंग्रजी कायदा नाखूश असे. पण जमिनीला चिकटलेला हक्क वेगळा. एखाद्या शेताबरोबर जंगलात गुरे चारण्याचा हक्क असेल, तर शेताचा मालक कुणीही झाला तरी तो हक्क शेताबरोबर जातो. म्हणजे हवा होता एक असा मालक, ज्याच्याकडे असे शेत आहे, आणि ज्याला घरातून काढण्याची, कामावरून काढण्याची धमकी देता येणार नाही.

असा मालक सापडला. लंडन शहराची महापालिका, म्हणजे जुन्या ‘सिटी’चे नगर मंडळ. १८५० च्या आसपास शहरातली चर्चच्या आवारातली दफनभूमी भरून वाहत होती. कॉलऱ्याच्या साथी येऊन गेल्या होत्या. शहराबाहेर दफनासाठी जागा हवी म्हणून महापालिकेने एपिंग जंगलाच्या दक्षिण टोकाला ऑल्डर्सब्रुक नावाच्या शेताची सुमारे दोनशे एकर जमीन विकत घेतली आणि १८५६ मध्ये तिथे कब्रस्तान सुरू केले. त्या जुन्या शेताला जंगलात गुरे चारण्याचा हक्क होता. शेत गेले, कबरी आल्या, पण हक्क जमिनीबरोबर आला होता. महापालिकेकडे एकही गाय नसली तरी कायद्याने ती आता जंगलाची एक हक्कदार गुराखी होती!

मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो. कब्रस्तान महापालिकेच्या ज्या खात्याच्या ताब्यात होते ते खाते शहराच्या गटारींचे. त्यामुळे १८७१ मध्ये जमीनदारांविरुद्ध जो मोठा दावा दाखल झाला, त्यात वादी म्हणून नाव आहे ते गटार आयुक्तांचे. इंग्लंडच्या सर्वांत प्रसिद्ध जंगलांपैकी एक वाचवायला पुढे आले ते गटार खाते, आणि तेही कब्रस्तानाच्या आधाराने.

त्याच वर्षी ८ जुलैला जंगलाच्या दक्षिण टोकाच्या वॉन्स्टेड फ्लॅट्स या माळावर पूर्व लंडनचे हजारो कामगार निषेधासाठी जमले. पुढाऱ्यांनी शांततेने ठराव करायचे ठरवले होते. सभा संपल्यावर लोकांनी नव्याने घातलेली कुंपणे उखडून टाकली. पोलीस होते, पण माणसे फार होती. महापालिका न्यायालयात उतरली ती हा जनक्षोभ पाहूनच, असे मला वाटते. कोर्टातला कागद आणि माळावरची गर्दी यांची तारीख अशी एकमेकींजवळ येते, तेव्हा तो निव्वळ योगायोग नसतो.

संसदेत हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत हेन्री फॉसेट होता. तरुणपणी शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे लागून दोन्ही डोळे गेलेला हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. एपिंगचे उरलेले राजहक्क विकू नयेत म्हणून १८७० मध्ये त्याने ठराव आणला आणि तो मंजूर करून घेतला. आपल्या वाचकांनी त्याचे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. हिंदुस्थानच्या तिजोरीतून होणाऱ्या उधळपट्टीवर तो संसदेत इतका बोलत असे की त्याला ‘हिंदुस्थानचा खासदार’ म्हणत. १८७४ मध्ये तो निवडणूक हरला, तेव्हा त्याच्या पुढच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली होती. एपिंगचे जंगल ज्याने डोळ्यांनी कधीच नीट पाहिले नसेल, त्याने ते वाचवायला मदत केली.

खटल्याचा निकाल १८७४ मध्ये लागला. न्यायाधीश होते सर जॉर्ज जेसेल. इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायासनावर बसलेले ते पहिले ज्यू. त्यांच्या तरुणपणी ज्यूंना संसदेत बसायलाही परवानगी नव्हती. जमीनदारांचे म्हणणे होते की प्रत्येक जहागिरीतले हक्क त्या जहागिरीपुरतेच. हंटरने जुन्या वनन्यायालयांच्या नोंदींतून दाखवून दिले की गुरे शेकडो वर्षे साऱ्या जंगलभर फिरत होती. या जहागिरीची गाय त्या जहागिरीत गेली म्हणून कुणी तिला हाकलले नव्हते. म्हणजे एका शेताचा हक्क हा साऱ्या जंगलावरचा हक्क होता. जेसेल यांनी हे मान्य केले. आधीच्या वीस वर्षांत घातलेली कुंपणे बेकायदा ठरली आणि सुमारे तीन हजार एकर पुन्हा मोकळे झाले.

लिंबाखालच्या चाचांना मी हे सांगायला हवे होते. शेळीची साक्ष शेवटी चालली, पण ती दप्तरात नोंदलेली होती म्हणून.

१८७८ मध्ये एपिंग जंगलाचा कायदा झाला. जंगल राजाचे राहिले नाही. महापालिका त्याची राखणदार झाली. जंगल कायम मोकळे, कुंपणाविना, बांधकामाविना ठेवायचे आणि लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखायचे, असे बंधन तिच्यावर आले. ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणी स्वतः तिथे आली आणि जंगल जनतेला अर्पण केले.

पण १८७८ हे साल आपल्यासाठी दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी, त्याच राणीच्या नावाने, हिंदुस्थानात भारतीय वन कायदा झाला. लंडनच्या दाराशी गावकऱ्यांचे जुने हक्क मान्य होत असताना इथे राखीव जंगल, संरक्षित जंगल अशा वर्गवारीने सारी रानेच सरकारच्या ताब्यात जात होती. कायद्याचा पुरस्कार करणारे बेडन-पॉवेल यांचा युक्तिवाद साधा होता: खेडुताला जंगलात गुरे चारायला, लाकूड न्यायला मिळत होते, ती राज्यकर्त्यांनी दिलेली सवलत होती, तो हक्क नव्हता. सवलत कधीही काढून घेता येते. एपिंगच्या जमीनदारांच्या वकिलांनाही हेच म्हणायचे होते. तिथे ते चालले नाही. इथे मात्र ते कायदा झाले. स्वतः वन खात्याचे प्रमुख असलेल्या ब्रँडिस यांना गावकऱ्यांच्या हक्कांना जास्त जागा हवी होती. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांनी तर उघड विरोध केला होता. उपयोग झाला नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कायद्यावर टीका केली. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगर आणि गायराने गिळून बसलेल्या जंगल खात्यावर त्यांनी जे ओढले आहे ते प्रत्येकाने मुळातून वाचावे. शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार आणि विलिंगेलची तक्रार एकच. ठाणे, कुलाब्याकडच्या लोकांची ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक वन चौकशी मंडळ नेमावे लागले. पण इथे कुणा महापालिकेने कब्रस्तानाचा उतारा घेऊन वरच्या न्यायालयात दावा लावला नाही. कुठून लावणार? वहिवाट लिहिलेलीच नव्हती, आणि जिथे होती तिथे ती सवलत म्हणून लिहिली होती.

लिहिलेलीच नव्हती हे विधान मात्र सरसकट खरे नाही. विदर्भाचे वाचक मला लगेच थांबवतील. मध्य प्रांताच्या जुन्या महसुली पद्धतीत गावोगाव ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्त असे. उर्दू शिकवणारा माणूस म्हणून या शब्दांपाशी मी नेहमी रेंगाळतो. जे अर्जात मांडणे वाजवी आहे ते, म्हणजे गावाच्या चालीरीती: वाट कुठून, पाणी कुणाचे, मासे कुणी धरायचे. त्याच्या जोडीला ‘निस्तारपत्रक’: गावाने गुरे कुठे चारायची, सरपण कुठून आणायचे, मुरूम कुठला काढायचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही विदर्भासाठी हे दोन्ही शब्द आहेत. किती गावांत हे कागद कुणी उघडून पाहतो? मी विचारले तेव्हा विदर्भातल्या एका शिक्षक मित्राने सांगितले की त्याच्या गावात ते आहेत हेच त्याला माझ्या प्रश्नामुळे कळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग यांच्या प्रकरणात, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याच्या योजना सर्व राज्यांनी तयार कराव्यात असे सांगितले. तिथेही तळे होते हे महसुली नोंदीत होते, म्हणून पुढचे घडले.

आता एक अशी बाजू, जी मला या खटल्यापेक्षा जुन्या एका गोष्टीकडे नेते.

अरबस्तानात इस्लामपूर्व काळात ‘हिमा’ म्हणून एक चाल होती. टोळीचा सरदार चांगल्या गवताच्या जागी येई, उंचावर कुत्रे भुंकवी आणि भुंकणे जिथवर ऐकू जाई तिथवरचे रान स्वतःच्या जनावरांसाठी राखून ठेवी. बाकीच्यांची जनावरे बाहेर. इमाम शाफई यांनी ही चाल नोंदवली आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी ती मोडली. खासगी राखण बंद. रान राखायचे तर फक्त सार्वजनिक कामासाठी. मदिनेजवळचे नकीअ हे कुरण त्यांनी सैन्याच्या घोड्यांसाठी राखले. पाणी, गवत आणि अग्नी यांत सगळे भागीदार आहेत, अशा आशयाची हदीसही आपल्याला माहीत आहे.

पुढे हजरत उमर (रजि.) यांनी रबजा इथले कुरण राखले आणि हुनय्य नावाच्या आपल्या मुक्त गुलामाला त्यावर नेमले. त्याला त्यांनी दिलेल्या सूचना सहीह बुखारीत आहेत. आशय असा: मजलूमाच्या बद्दुआला भी. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांची जनावरे मात्र आत घेऊ नकोस. हे दोघे कोण? हजरत अब्दुर्रहमान इब्न औफ आणि हजरत उस्मान, दोघेही मोठ्या दर्जाचे सहाबी आणि दोघेही श्रीमंत. कारणही उमर यांनी दिले आहे: त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याकडे शेती आहे, खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दाराशी येईल, आणि मग मला सोने-चांदी द्यावी लागेल. त्यापेक्षा गवत-पाणी देणे स्वस्त. तिथल्या लोकांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटते आहे, हेही त्यांनी त्याच बोलण्यात कबूल केले आहे. जमीन त्यांचीच होती. ही कबुली मला फार मोलाची वाटते. सार्वजनिक हितासाठी रान राखले तरी कुणाचे तरी जाते, आणि राखणाऱ्याने ते बोलून दाखवले पाहिजे.

एपिंगमध्ये ते बोलून दाखवले गेले का? थोडेसे. १८७८ च्या कायद्याने जंगल वाचले, गुरे चारण्याचा हक्क राहिला, पण लाउटनचा फांद्या छाटण्याचा हक्क बंद करून त्याची भरपाई ठरवायची वाट धरली गेली. जंगल आता निसर्गसौंदर्यासाठी राखायचे होते. रविवारी आगगाडीने येणाऱ्या लंडनकराला वरून छाटलेले, बुटके, गाठीगाठीचे झाड कुरूप दिसे. उंच, पसरलेले झाड हवे होते. ज्या कुऱ्हाडीने ही लढाई सुरू झाली तीच कुऱ्हाड जिंकल्यानंतर बेकायदा ठरली. भरपाई म्हणून सात हजार पौंड ठरले. त्यातून गावासाठी एक सभागृह बांधले गेले, १८८४ मध्ये ते उघडले. नाव ठेवले ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे छाटणीचे सभागृह. वाचनाची सोय, व्याख्याने, नाटके. चांगलीच गोष्ट, पण व्याख्यान ऐकून चूल पेटत नाही. विलिंगेलच्या पुढच्या पिढ्यांनी थंडीत काय जाळले असेल, हा प्रश्न एपिंगवरच्या कौतुकाच्या लिखाणात क्वचित येतो.

उमर यांच्या कुरणात थोड्या मेंढ्यावाल्याला पहिली वाट होती. एपिंगमध्ये सरपणवाला सगळ्यांत आधी उभा राहिला आणि सगळ्यांत आधी बाहेर गेला. तरी मी जंगल वाचल्याच्या बाजूने आहे. ते नसते तर आज तिथे लंडनच्या उपनगरांची आणखी घरे असती, आणि सरपण तेव्हाही मिळाले नसतेच. हंटर यांनी पुढे ऑक्टाव्हिया हिल यांच्याबरोबर १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. त्याची मुळे या खटल्यात आहेत.

लॉपिंग हॉलच्या जुन्या प्रवेशद्वारावर भाजक्या मातीच्या कोरीवकामात फांद्या तोडणारी माणसे दाखवली आहेत. जंगलात मात्र शंभराहून जास्त वर्षे कुणी छाटणी केली नाही. शतकानुशतके छाटलेल्या त्या हॉर्नबीम आणि बीचच्या जुन्या बुंध्यांवर फांद्या वाढत गेल्या, खोडांपेक्षा जड झाल्या. खाली सावली इतकी दाट झाली की गवत आणि छोटी झाडे मेली. वाऱ्यात जुनी झाडे स्वतःच्याच भाराने उभी चिरू लागली. राखणदारांच्या लक्षात आले की या झाडांना कुऱ्हाडीची सवय होती, तिच्यामुळेच ती इतकी म्हातारी झाली होती. गेल्या काही दशकांपासून महापालिका स्वतःची माणसे लावून, पगार देऊन, त्या झाडांच्या फांद्या पुन्हा छाटून घेते. गवत राखण्यासाठी लांब शिंगांच्या गायीही पुन्हा आणल्या आहेत. त्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे आहेत, ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागल्या की ते पट्टे आवाज करतात. तारेचे कुंपण नाही.